आश्रय कोणाचा? : ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचा एक विचार

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठी वाचकांस नवा नाही. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. तेव्हापासून अठराशे सत्तावनच्या धामधुमीचे एका मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेले वर्णन म्हणून त्याचे कौतुक होत आले आहे, आणि ते यथायोग्यच आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यातील तारखा, वाटा आणि माणसे पारखून पाहिली. ललित वाङ्मयाच्या रसिकांनी त्यातील निवेदनाची सहजता वाखाणली. प्रवासवर्णनांच्या इतिहासकारांनी त्यास मानाचे पान दिले. या सर्वांत एक बाजू मात्र थोडी दुर्लक्षित राहिली असे आम्हांस वाटते. हा ग्रंथ एका आश्रिताने लिहिला आहे. ज्यांच्या दारी तो आश्रयास गेला ते राजे आणि राण्या त्याच्या डोळ्यांदेखत कोसळल्या. अशा वेळी माणसाने भरवसा कोणावर ठेवावा, हा प्रश्न ग्रंथात उघडपणे कोठेही मांडलेला नाही. पण तो पानापानांतून वाहत असतो. त्या प्रश्नाचा विचार करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विचार लखनौत बसून करण्यास एक निमित्तही आहे. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ या नावाने करणारे अमृतलाल नागर (१९१६–१९९०) हे याच शहराच्या चौक भागात आयुष्य घालवलेले कादंबरीकार. अवधातील सत्तावनच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा करणाऱ्या या लेखकास कोकणातल्या एका भिक्षुकाची बखर आपल्या भाषेत आणावीशी वाटली, यातच त्या बखरीची योग्यता दिसते. कोकण आणि अवध यांची अशी गाठ वाङ्मयात क्वचितच पडते.

ग्रंथाचा आरंभ अगदी साध्या गरजेपासून होतो. पेणजवळचे वरसई गाव, घरात दारिद्र्य आणि डोक्यावर कर्ज. अशात बातमी येते की, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे विद्वान ब्राह्मणांस भरपूर दक्षिणा मिळणार आहे. चुलत्यासह गोडसे भटजी १८५७ साली घर सोडतात ते या आशेवर. आजच्या वाचकास यात कदाचित लाचारी दिसेल. परंतु भिक्षुकीच्या व्यवसायात राजाश्रय ही शेतकऱ्याच्या पावसासारखी गोष्ट होती. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि पुण्याची दक्षिणा आटली, तेव्हा ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त, इंदूर, बडोदे ही नावे कोकणातल्या घरांत पाऊसपाण्याइतकीच जिव्हाळ्याने घेतली जात. तेव्हा ग्रंथाच्या पहिल्या पानांत भटजींचा भरवसा राजांवर आहे, हे उघड आहे. ते देवाचे नाव घेतात, पण पाय चालतात ते दरबाराकडे.

लखनौच्या वाचकास येथे या शहरातील एक म्हण आठवल्यावाचून राहणार नाही. ज्याला परमेश्वर देत नाही त्याला नबाब आसफउद्दौला देतो, अशा अर्थाची ती म्हण अद्यापि लोकांच्या तोंडी आहे. १७७५ साली फैजाबादेहून राजधानी येथे आणणाऱ्या आणि १७८४ च्या दुष्काळात बडा इमामबाड्याचे काम काढून भुकेल्यांच्या हातांस मजुरी देणाऱ्या या नबाबाविषयीची कृतज्ञता तीत आहे, आणि ती खोटी नाही. परंतु म्हणीची रचना पाहावी. देणाऱ्याचे कौतुक करता करता लोकांनी त्यास देवाच्या पुढे बसविले. राजाने पोटास दिले ही गोष्ट निराळी, आणि राजा हाच अखेरचा दाता ही समजूत निराळी. या दोहोंमधील अंतर किती झपाट्याने उघडे पडते, हे याच शहराने आसफउद्दौलानंतर साठ वर्षांच्या आत पाहिले.

फेब्रुवारी १८५६ पर्यंत येथे वाजिद अली शाह गादीवर होते. त्या महिन्यात कंपनी सरकारने अवध खालसा केले. जुलै १८५७ मध्ये बेगम हजरत महल यांनी आपला अल्पवयीन पुत्र बिर्जिस कद्र यास गादीवर बसविले. मार्च १८५८ मध्ये कंपनीच्या फौजांनी शहर पुन्हा घेतले. आणि १ नोव्हेंबर १८५८ रोजी कंपनीचेच राज्य संपून व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला. तीन वर्षे पुरी होण्याच्या आत एका शहराने इतके धनी पाहिले. आम्ही कागदपत्रांत दिवस काढणारी माणसे; आमच्या मनात पहिल्याने येते ते त्या काळच्या एखाद्या मुनशीचे चित्र. त्याने कोणाच्या नावाने अर्जाचा मायना लिहावा? सकाळी सुरू केलेले पत्र संध्याकाळी ज्याच्या नावाने संपवावयाचे, तो मधल्या वेळात पदावर राहीलच याचा भरवसा काय?

आणि अर्ज तर त्या काळात पुष्कळच झाले. ही गोष्ट सत्तावनच्या इतिहासात पुरेशा जोराने सांगितली जात नाही. हत्यार उपसण्यापूर्वी या सर्व घराण्यांनी न्याय मागितला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर, १८५१ साली, त्याची वर्षाची आठ लाखांची नेमणूक बंद झाली. तेव्हा नानासाहेबांनी अझीमुल्लाखानास विलायतेस पाठविले. गंगाधररावांच्या निधनानंतर झाशी १८५४ साली खालसा झाली. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर जनरलकडे अर्जांवर अर्ज केले, आणि जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. अवध गेले तेव्हा वाजिद अली शाहांनी आपली पगडी उतरवून रेसिडेंटच्या हाती दिली, पण तहावर सही केली नाही. आणि त्यांच्या वृद्ध मातोश्री राणीपुढे दाद मागण्यासाठी समुद्र ओलांडून लंडनला गेल्या. त्यांस न्याय मिळाला नाही. परतीच्या वाटेवर १८५८ साली पॅरिस येथे त्यांचा अंत झाला आणि तेथेच त्यांस मूठमाती मिळाली. गोडसे भटजी दक्षिणेसाठी ज्या राजांच्या दारी जात होते ते राजेही दुसऱ्या एका दारी हात पसरून उभे होते, आणि त्या दारातून त्यांस रिकाम्या हातांनी परतावे लागत होते. आश्रितांचा आश्रयच मुळी निराश्रित होता. ‘माझा प्रवास’ची खरी पार्श्वभूमी ही आहे.

ग्रंथाचा मध्य म्हणजे झाशी. मार्च १८५८ च्या अखेरीस सर ह्यू रोज याच्या फौजेने शहरास वेढा दिला. तात्या टोपे यांची कुमक बेटवेच्या काठी १ एप्रिलला उधळली गेली. ३ एप्रिलला तटावर चढाई झाली आणि त्यानंतर राणी काल्पीच्या दिशेने निघून गेल्या. भटजी या साऱ्या काळात शहरात अडकलेले होते. त्यानंतरच्या लुटीचे त्यांनी केलेले वर्णन मराठी गद्यातील अत्यंत प्रभावी भागांपैकी एक आहे. त्याचे कारण त्यात आक्रोश नाही हे होय. लूट कशी क्रमाक्रमाने झाली हे ते सांगतात. आधी सोने-नाणे, मग भांडीकुंडी, कपडे, धान्य. जणू कोठाराची मोजदाद चालली आहे. ग्रंथसंग्रहाचा नाश झाला तोही ते त्याच स्वरात नोंदवितात. दारिद्र्यात वाढलेल्या माणसाची दृष्टी वस्तूंवर असते, आणि तीच दृष्टी येथे साक्षीदाराची दृष्टी ठरते. विल्यम हॉवर्ड रसेल या इंग्रज वार्ताहराने त्याच वर्षी लखनौच्या कैसरबागेतील लूट पाहून लिहिली आहे. ती वाचताना असे दिसते की, रसेल जेत्यांच्या पक्षातला असूनही ओशाळतो. गोडसे लुटले गेलेल्यांपैकी असूनही शिव्याशाप देत नाहीत. दोघांच्या लिखाणाचे मोल या संयमात आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. भटजी या सर्व घटनांचा अर्थ लावतात तो ईश्वरी इच्छा, दैव, प्रारब्ध या शब्दांनी. आधुनिक टीकाकारास हे शब्द अडखळवितात. त्याचा आक्षेप थोडक्यात असा की, जेथे कारणे शोधावयाची तेथे लेखक देवाकडे बोट दाखवितो; त्यामुळे राज्यकर्त्यांचे दोष, फितुरी, शस्त्रबळातील तफावत, संघटनेचा अभाव हे सर्व झाकले जाते. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. हस्तलिखित घटनांनंतर सुमारे पाव शतकाने लिहिले गेले, आणि इतक्या अवधीनंतर मागे वळून पाहणाऱ्यास प्रत्येक गोष्टीत विधिलिखित दिसू लागते हा मनुष्यस्वभाव आहे. ऐकीव कथाही त्यांनी पुष्कळ आणल्या आहेत, आणि त्यांची शहानिशा केलेली नाही.

तथापि ‘ईश्वराची इच्छा’ या एकाच शब्दप्रयोगात दोन निरनिराळ्या वृत्ती राहू शकतात, हे विसरून चालणार नाही. एक वृत्ती अशी की, जे झाले ते देवाने केले, तेव्हा त्याविषयी बोलण्याचे कारण नाही. दुसरी अशी की, अखेरचा न्याय देवाच्या हाती आहे, तेव्हा मध्ये कोणी कितीही उंच चढून बसला तरी त्यास अखेरचा न्यायाधीश मानण्याचे कारण नाही. पहिली वृत्ती डोळे मिटते. दुसरी डोळे उघडते. ग्रंथकाराची वृत्ती यांपैकी कोणती, हे त्याने किती वेळा देवाचे नाव घेतले यावरून ठरवावयाचे नसते; देवाचे नाव घेतल्यावर त्यास दिसावयाचे थांबले की नाही यावरून ठरवावयाचे असते. या कसोटीस गोडसे भटजी उतरतात. पराभव झाला म्हणून लक्ष्मीबाईंची योग्यता त्यांच्या लेखणीत तसूभरही कमी होत नाही. जय मिळाला म्हणून विजयी सैन्याची लूट त्यांच्या लेखी पुण्यकर्म ठरत नाही. जय-पराजय आणि न्याय-अन्याय यांची गल्लत त्यांनी केली नाही. आणि हीच गल्लत त्या काळात मोठमोठे लोक करीत होते.

विहिरीवरचा प्रसंग येथे पाहण्यासारखा आहे. झाशी सोडलेल्या राणीची आणि भटजींची वाटेत गाठ पडते. राणी तहानलेल्या आहेत. भटजी पाणी काढून देऊ म्हणतात, त्यांस त्या तसे करू देत नाहीत. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की, स्वतःपुरते पाहिले असते तर त्यांस या खटाटोपाची गरज नव्हती. धर्माच्या अभिमानाने त्या यात पडल्या. यश देणे न देणे ईश्वराकडे. हे बोलणे शब्दशः असेच झाले की लेखकाच्या स्मृतीने त्यास घाट दिला, हा वाद येथे नको. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, ग्रंथात ईश्वरावर भार टाकणारी ही व्यक्ती हातपाय गाळून बसलेली नाही. ती तशीच पुढे काल्पीस जाते, तेथून ग्वाल्हेरीस जाते, आणि जून १८५८ मध्ये रणात पडते. देवावरचा विश्वास म्हणजे आळस, असे म्हणणाऱ्यास याच ग्रंथात उत्तर आहे. फळाचा हिशेब देवाकडे सोपविल्यामुळे कर्तव्यातून सुटका होत नाही. सुटका होते ती फक्त यशाच्या गुलामगिरीतून.

दुसरा एक आक्षेप याहून कठीण आहे. देवाचे नाव राजेही घेतात. किंबहुना सत्तावनमध्ये देवाचे नाव घेतले नाही असा पक्षच नव्हता. इंग्रज आपल्या विजयात ईश्वराचा हात पाहत होते. राणीच्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेविषयी निष्ठा व्यक्त करून मग कोणाच्याही धर्मात हात न घालण्याचे वचन दिले होते. त्यास बेगम हजरत महल यांनी प्रतिजाहीरनामा काढून उत्तर दिले. त्यात त्यांनी एक मार्मिक प्रश्न विचारला : न्यायदानाचा एखाद्या धर्माच्या खरेखोटेपणाशी संबंध काय? राज्य हरलेल्या स्त्रीने विचारलेला हा प्रश्न आहे आणि तो अद्यापि शिळा झालेला नाही. राज्यकर्ता देवाचे नाव घेतो तेव्हा तो स्वतःस त्या न्यायाखाली आणतो की त्या न्यायाच्या आसनावर चढून बसतो, हे पाहिले पाहिजे. पहिला नम्र होतो. दुसरा आसफउद्दौलाच्या म्हणीतले स्थान स्वतःच बळकावतो, आणि तेही दुष्काळात अन्न न देता.

रोम शहर ४१० साली लुटले गेले तेव्हा असाच प्रश्न उभा राहिला होता. शहर पडले ते जुने देव सोडल्यामुळे, असे काही म्हणू लागले. त्यास उत्तर म्हणून संत ऑगस्टीन याने मोठा ग्रंथ लिहिला आणि प्रतिपादन केले की, देवाचे राज्य कोणत्याही एका नगराशी वा साम्राज्याशी बांधलेले नाही. साम्राज्ये येतात आणि जातात. गोडसे भटजींनी असे काही प्रतिपादन केलेले नाही. त्यांचा तो पिंड नव्हे. परंतु झाशी पडली म्हणून त्यांचा देव पडला नाही. आणि इंग्रज जिंकले म्हणून त्यांनी देव बदलला नाही. जे ऑगस्टीनने विद्वत्तेने मांडले, त्याचा एक साधा, घरगुती अनुभव या मराठी ग्रंथात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता ग्रंथाची उणीव. ईश्वरी न्यायाचे माप सर्वांस सारखे लागू झाले पाहिजे. झाशीच्या झोकनबागेत ८ जून १८५७ रोजी शरण आलेले इंग्रज पुरुष, त्यांच्या स्त्रिया आणि मुले यांची कत्तल झाली. राणीचा त्यात हात होता की नव्हता हा इतिहासकारांचा वाद आहे. पण ज्या बाजूने भटजींची सहानुभूती आहे त्या बाजूकडून ते रक्त सांडले, यात वाद नाही. तसेच, ज्या संस्थानांतून दक्षिणा मिळे त्या संस्थानांतील कुणब्यास, विणकऱ्यास, महारामांगास न्याय कसा मिळत होता, हा प्रश्न ग्रंथात उद्भवतच नाही. राजा धर्माभिमानी आणि ब्राह्मणांस उदार असला म्हणजे राज्य चांगले, ही भिक्षुकाची कसोटी होय, देवाची नव्हे. देवाच्या न्यायावर खरोखर भरवसा ठेवणाऱ्यास आपल्या अन्नदात्याकडेही त्याच नजरेने पाहावे लागते. मराठी परंपरेत अशी नजर नव्हती असे नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, अशी आपली परंपरा सांगते. शास्त्रीबुवाही पेशव्यांचेच अन्न खात होते. परंतु न्याय धन्याहून मोठा आहे हे ते जाणून होते. ईश्वराचा न्याय आकाशातून आपोआप उतरत नाही. तो उच्चारण्यासाठी कोणा माणसाच्या तोंडाची गरज लागते, आणि त्या माणसास किंमत द्यावी लागते. बायबलात दावीद राजासमोर उभा राहून त्याचे पाप त्याच्या पदरात घालणारा नाथान संदेष्टा याच जातीचा. गोडसे भटजी रामशास्त्री नव्हते. ते साक्षीदार होते. परंतु न्यायासनापुढे साक्षीदाराचीही जरूर असते, आणि ते काम त्यांनी चोख केले आहे.

हस्तलिखिताची कथाही या दृष्टीने बोलकी आहे. वैद्यांच्या सांगण्यावरून भटजींनी आपली हकीकत लिहून काढली. पण आपल्या हयातीत ती छापू नये अशी अट घातली. सरकारची भीती होती, हे उघड आहे. वैद्य हे स्वतः ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीशपद भूषविलेले गृहस्थ. त्यांनीही छापताना काही भाग गाळला आणि भाषा सुधारून घेतली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे भटजींचा स्वतःचा आवाज वाचकांस ऐकू आला. आमच्या मते विचक्षण वाचकाने पोतदारांचीच प्रत वाचावी. वैद्यांच्या प्रतीत सफाई आहे, पण हा माणूस कमी आहे. आता कोणी विचारील की, ज्याचा देवावर इतका भरवसा त्यास सरकारची भीती कशाची? आम्हांस यात विसंगती दिसत नाही. भरवसा आणि भीती एकाच अंतःकरणात शेजारी शेजारी नांदतात. ज्यास घर आहे, मुलेबाळे आहेत, तो जपून राहतो. पण जपून राहूनही त्याने खरे तेच लिहिले आणि ते फाडून टाकले नाही. आपण नसताना ते कोणीतरी वाचील, असा विश्वास त्यामागे होता. हा विश्वास कोणा राज्यकर्त्यावरचा नव्हता, एवढे निश्चित.

प्रांतोप्रांती बदल्यांवर फिरणाऱ्या आम्हां नोकरदारांस या ग्रंथाचा शेजार म्हणूनच उपयोगी वाटतो. वरून हुकूम येतो, आम्ही तो पाळतो. साहेब बदलतात, मंत्री बदलतात, दालनाबाहेरील पाट्या बदलतात. लोकशाहीत राज्यकर्ते आपणच निवडतो आणि आपणच बदलतो, हा सत्तावन आणि आज यांतील मोठा फरक होय, आणि त्यास कमी लेखणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण माणसास नेता हा तारणहार वाटू लागण्याची खोड मतपेटीने गेलेली नाही. नेत्यास आज्ञापालन द्यावे, मान द्यावा, मत द्यावे, वेळी त्याविरुद्ध टिपणीही लिहावी. भक्ती मात्र देऊ नये. ती ज्याची आहे त्याच्यासाठी राखून ठेवावी. ज्याचा अखेरचा भरवसा साहेबावर नाही तोच साहेबास निर्भयपणे खरे सांगू शकतो, आणि ज्याचा भरवसा साहेबावरच आहे तो साहेबाचेही हित करू शकत नाही.

ग्रंथाचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. राजांच्या दारची जी दक्षिणा मिळाली ती वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. यज्ञाच्या आशेने निघालेला हा ब्राह्मण घरी आणतो ती गंगेची कावड. खांद्यावरून शेकडो कोस वाहून आणलेल्या त्या पाण्याने तो आपल्या आईवडिलांस स्नान घालतो. कर्ज फेडण्यास निघालेल्या पुत्राने वेगळेच ऋण फेडले. द्रव्य देणारे राजे उरले नाहीत. पण ज्या पाण्यावर कोणा राजाची मालकी नव्हती ते त्यास घरापर्यंत नेता आले. यावर भटजी प्रवचन करीत नाहीत. त्यांनी केले असते तर हा ग्रंथ अनेक बोधपर ग्रंथांपैकी एक झाला असता. ते केवळ घडले ते सांगतात, आणि वाचकाच्या मनात आश्रय कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आपोआप तयार होते. मराठी गद्यात इतका मोठा आशय इतक्या विनातक्रार वाहून नेणारे पुस्तक दुसरे क्वचितच सापडेल.